तलावांच्या जिल्ह्यांतून सायकल सफर: भंडारा-गोंदियाच्या शांत रस्त्यांवर काय पाहाल, कसं जाल?

सायकलवर तंबू बांधलाय, बाजूला निळंशार तळं आहे आणि रस्त्यावर एकही गाडी नाही. असे रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. बहुतेक वेळा खाली ठिकाण म्हणून स्वित्झर्लंड, जपान नाहीतर न्यूझीलंड लिहिलेलं असतं. आपल्याकडे असं काही शोधायला गेलं, की गाडी लोणावळा, पवना आणि मुळशीवर येऊन थांबते. तिथे शनिवार-रविवारी सायकल काय, चालायलाही जागा मिळत नाही.

पण महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी उजवीकडे, नागपूरच्याही पुढे पाहा. तिथे भंडारा आणि गोंदिया जिल्हे आहेत. १९९९ साली वेगळे होईपर्यंत हा एकच भंडारा जिल्हा होता आणि त्याची ओळखच 'तलावांचा जिल्हा' अशी होती. इथे दर काही किलोमीटरवर पाणी लागतं. रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत. एका बाजूला धानाची शेतं, दुसऱ्या बाजूला जंगल आणि मध्ये तलाव.

गंमत म्हणजे यातले बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गावातल्या माणसांनी ते काही शतकांपूर्वी मातीने बांधले. ते आजही शेताला पाणी देतात, मासळी देतात, पक्ष्यांना आसरा देतात. आणि त्यातले अनेक आता अडचणीत आहेत.

सायकलवरून हा भाग कसा पाहायचा, कधी जायचं, काय सांभाळायचं आणि या तलावांची गोष्ट नेमकी काय आहे, ते समजून घेऊ.

सायकलसाठी हा भाग का चांगला?

पहिलं कारण म्हणजे चढ-उतार. सह्याद्रीत तलावाकाठी सायकल चालवायची तर आधी घाट चढावा लागतो. वैनगंगेच्या खोऱ्यात तसं नाही. मध्ये मध्ये टेकड्या आणि जंगलाचे पट्टे आहेत, पण रस्ता बहुतांशी सपाट किंवा हलक्या चढाचा. महागडी गिअरची सायकल नसली तरी चालतं. गावातली मुलं-मुली साध्या सायकलवरून रोज शाळेत जातात, त्याच रस्त्यांवरून तुम्हाला जायचं आहे.

दुसरं कारण म्हणजे गावांमधलं अंतर. थोड्या थोड्या अंतरावर गाव, चहाची टपरी आणि हातपंप मिळतो. नवख्या सायकलस्वाराला याचा मोठा आधार असतो.

तिसरं कारण वेगाचं. सामान लादलेली सायकल तासाला साधारण १२ ते १५ किलोमीटर जाते. या वेगात तलाव नुसता 'दिसून' मागे पडत नाही. आधी पाळ दिसते, मग तिच्यावरची झाडं, मग पाणी सोडायची जागा, मग त्या पाण्यावरची शेतं. गाडीतून हे सगळं दहा सेकंदांत संपतं आणि आपण 'छान लेक होता' म्हणून पुढे जातो.

इतके तलाव आले कुठून?

इथे वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याच्या मानाने हा बराच जास्त. मग तलावांची गरज काय?

उत्तर धानात आहे. या भागाचं मुख्य पीक भात आणि पावसाळा साधारण सप्टेंबरअखेर आवरतो. नेमकं तेव्हाच धान फुलोऱ्यावर किंवा दाणा भरण्याच्या टप्प्यावर असतं. त्या आठवड्यांत एक-दोन पाणी मिळालं तर पीक हातात येतं. नाही मिळालं तर वर्षभराची मेहनत पोचट लोंब्यांवर जाते. तलाव हे त्या शेवटच्या पाण्याची सोय होते.

ही सोय उभी करण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा मानला जातो. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंड राजाने हे लोक बनारसकडून आणले, अशी आख्यायिका ब्रिटिशकाळातल्या नोंदींत आढळते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट पक्की आहे. पाणी अडवायची जागा हेरणं, मातीची पाळ घालणं आणि त्या पाण्यावर धान आणि ऊस पिकवणं यात कोहळींचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाण्यातली मासेमारी आणि शिंगाड्याची शेती मात्र मुख्यतः ढिवर समाजाकडे राहिली.

या कामाचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असं सांगितलं जातं. टेकड्यांच्या मधल्या खिंडी मातीने बंद करून पाणी अडवलं. तलावाचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. भोवतीच्या टेकड्यांना लोक 'सातबहिणी' म्हणतात. या बहिणींनी तलाव बांधायला मदत केली अशी श्रद्धा आहे आणि खुद्द कोलू पाटलांनाही पुढे कोलासूर म्हणून देवपण मिळालं.

'मामा तलाव' हे काय प्रकरण आहे?

या भागात फिरताना सरकारी फलकांवर आणि बातम्यांत तुम्हाला 'मामा तलाव' हा शब्द दिसेल. याचा कोणाच्याही मामाशी संबंध नाही. 'माजी मालगुजारी तलाव' याचं ते छोटं रूप.

हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. ब्रिटिश राजवटीत तिथे मालगुजारी पद्धत होती. गावाचा शेतसारा गोळा करून सरकारजमा करणारा तो मालगुजार आणि गावातल्या तलावाची मालकीही त्याच्याकडेच. तलावाची पाळ खचली, गाळ साचला, तर दुरुस्ती करून घेणं ही त्याची जबाबदारी. प्रत्यक्ष श्रम अर्थातच गावकऱ्यांचे. ही व्यवस्था काही न्यायाची होती असं म्हणता येणार नाही. पण तलाव फुटला तर कोणाच्या दारात जायचं, हे गावाला माहीत होतं.

१९५० साली मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा झाला आणि १९५१ पासून मालगुजारी संपली. जमीन आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून हे 'माजी' मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून त्यांची संख्या जवळपास ७,००० आहे. यातले लहान तलाव, म्हणजे ज्यांचं सिंचन १०० हेक्टरपर्यंत आहे ते, जिल्हा परिषदेकडे आहेत. त्यापेक्षा मोठे पाटबंधारे विभागाकडे. याशिवाय शेतकऱ्यांच्या स्वतःच्या छोट्या तळ्या आहेत. त्यांना इथे 'बोडी' म्हणतात.

तलावाकाठी थांबलात तर काय पाहाल?

पाळीवर सायकल टेकवा आणि या चार गोष्टी शोधा.

१. पाळ: मातीचा लांबलचक बांध. जुन्या पाळींवर मोठी झाडं असतात. त्यांची मुळं माती धरून ठेवतात.

२. पाणी सोडायची जागा: पाळीच्या पोटातून पाणी खालच्या शेतात नेणारी वाट. तिच्यापुढे छोटे पाट फुटलेले दिसतील.

३. सांडवा: तलाव भरला की जास्तीचं पाणी इथून बाहेर पडतं. पाळीवरून पाणी वाहिलं तर पाळ फुटेल, म्हणून ही वेगळी वाट. सांडव्याचं पाणी कुठे जातं ते पाहा. बऱ्याचदा ते खालच्या दुसऱ्या तलावाला जाऊन मिळतं. म्हणजे हे तलाव सुटे नाहीत, एकाखाली एक अशी त्यांची साखळी आहे. वरचा बिघडला की खालच्यालाही त्याची झळ बसते.

४. काठ: हिवाळ्यानंतर पाणी जसं मागे सरकतं, तशी काठाची जमीन उघडी पडते. तिथे ओलीवर गाळपेर करतात, गुरं चरतात, पाणपक्षी अन्न शोधतात.

पाळीच्या खालच्या अंगाला धानाच्या 'बांध्या' पसरलेल्या दिसतील. इथे शेताच्या वाफ्याला बांधी म्हणतात. 'भंडारा चिन्नोर' या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो याच पट्ट्यातला.

मार्ग कसा आखायचा?

चार दिवस हाताशी असतील तर सफर निवांत होते. रोज ४० ते ६५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठरवू नका. तलावाकाठी थांबायलाच तर आलात.

पहिला दिवस, गोंदियाच्या आसपास: मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येते. सायकल रेल्वेच्या मालडब्यातून आणता येते. त्यासाठी स्टेशनवरच्या पार्सल कार्यालयात वेळेआधी जाऊन पैसे भरून नोंदणी करावी लागते. पेडल काढून ठेवा, गिअरभोवती पुठ्ठा बांधा आणि सायकलवर नाव-नंबर-स्टेशन ठळक लिहा. पोहोचलात की गोंदिया तालुक्यातल्या परसवाडा आणि झिलमिली तलावांकडे हात मोकळे करून या. हा सारस पक्ष्यांचा भाग आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

दुसरा दिवस, गोंदिया ते नवेगावबांध: गोरेगाव आणि कोहमारा करत हे अंतर साधारण ६५ किलोमीटर होतं. गोरेगाव ते कोहमारा या टप्प्यात मुरदोलीचं जंगल लागतं. वन्यप्राणी इथे रस्ता ओलांडतात आणि भरधाव गाड्यांखाली येऊन दगावलेही आहेत. हा पट्टा चांगलं ऊन पडल्यावरच पार करा. कोहमाऱ्याला नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग आडवा येतो. ट्रकची वर्दळ प्रचंड आहे, त्यामुळे उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. एवढं अंतर नको असेल तर गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावरच्या पॅसेंजर गाडीने सौंदडला उतरायचं आणि तिथून सायकल सुरू करायची. सायकल चढवता येईल का, ते मात्र स्टेशनवर आधी विचारा.

तिसरा दिवस, नवेगावबांध: हा दिवस कमी चालवायचा. सकाळी तलावावर पक्षी पाहा. मागची बाजू राष्ट्रीय उद्यानाची आहे, त्यामुळे तलावाला पूर्ण वळसा घालता येत नाही. दुपारी आसपासच्या गावांतले छोटे तलाव पाहा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावांची कमी नाही. सिरेगावबांध हा त्यातला एक जुना आणि मोठा. अरण्यऋषी म्हणून ओळखले जाणारे मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगावात होते. त्यांच्या लेखनातून ज्यांनी हे जंगल वाचलंय, त्यांना इथल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

चौथा दिवस, अर्जुनी मोरगाव आणि गोठणगाव: गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण गोठणगावजवळ आहे. हे स्वातंत्र्योत्तर काळातलं मोठं सिंचन धरण. आधीचे दोन-तीन दिवस गावतलाव पाहिले असतील तर फरक लगेच जाणवतो. गावतलाव गावाच्या उशाशी असतो, तर या धरणाचं पाणी कालव्यांतून दूरवर जातं. याच भागात नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली वसलेली. धानाच्या शेतांमधून सायकल चालवत असताना अचानक रंगीत प्रार्थनापताका दिसल्या तर रस्ता चुकला असं समजू नका. परतीसाठी अर्जुनीहून रेल्वे आहे.

कधी जायचं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. तलाव भरलेले असतात, धानाची कापणी सुरू असते आणि स्थलांतरित पक्षी येऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी आणि धुकं असतं, पारा १० अंशांच्या खालीही उतरतो. हातमोजे विसरू नका.

दिवाळीनंतर इथे गावोगावी 'मंडई' भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावजत्रा. दिवसा दुकानं आणि पाळणे, रात्री झाडीपट्टीचं नाटक. हा भाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं मोठं केंद्र. नाटक रात्रभर चालतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीचं अंतर त्या हिशोबाने ठरवा.

मार्चपासून ऊन तापतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. शिवाय मोहफुलं वेचायचा हा काळ, जंगलात माणूस आणि वन्यप्राणी समोरासमोर येण्याचा धोका वाढलेला असतो. पावसाळ्यात हा भाग हिरवागार दिसतो, पण नाले अचानक चढतात आणि मातीचे रस्ते चिखलात जातात. नवख्यांनी तेव्हा न गेलेलं बरं.

सायकल आणि सामान

सायकल: साधी, मजबूत आणि तुमच्या उंचीची हवी. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. पहिल्या दिवशी गुडघा दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण खाली ठेवलेली सीट असतं.

टायर: अगदी बारीक रेसिंग टायर नकोत. ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर मुरमाच्या रस्त्यावर बरे पडतात.

पंक्चर: बाभळीचा काटा इथे कोणालाच सोडत नाही. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि हातपंप घ्या. पंक्चर काढायला घरी एकदा तरी शिका. टायर उतरवल्यावर आतून हळूच बोट फिरवून काटा शोधा. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते.

सामान: पाठीवर सॅक घेऊन दिवसभर सायकल चालवू नका. वजन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखं बांधा. जड वस्तू खाली ठेवा.

पाणी आणि खाणं: तीन लिटर पाणी जवळ असू द्या. गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी ठेवा. हिवाळ्यात वाटेवर उकडलेले शिंगाडे मिळाले तर नक्की घ्या. ते बहुधा याच तलावांतले असतात.

बाकी: हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, प्रथमोपचाराचं सामान. जंगलपट्ट्यात मोबाईलला रेंज नसते. नकाशा आधीच डाऊनलोड करा आणि रोज कुठून कुठे जाणार ते घरी कळवा.

एक इशारा खास या भागासाठी. कापणीनंतर शेतकरी धान वाळवायला डांबरी रस्त्यावर पसरतात. त्यावरून सायकल घातली तर चाक घसरतं आणि त्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. हळू व्हा, गरज पडली तर उतरा.

वाघ-बिबट्याचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, महाराष्ट्रातला पाचवा. वाघ, बिबटे आणि अस्वलं केवळ प्रकल्पाच्या हद्दीत राहत नाहीत, ती आजूबाजूच्या जंगलातही फिरतात. २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि पुढच्या वर्षी तो गोंदिया जिल्ह्यापर्यंत पोहोचला.

त्यामुळे काही नियम स्वतःलाच घालून घ्या.

- सूर्योदयानंतर निघा आणि सायंकाळी पाचच्या आत मुक्कामी पोहोचा.
- सार्वजनिक रस्ता सोडून जंगलवाटांवर शिरू नका. राखीव क्षेत्रात वन विभागाच्या परवानगीशिवाय सायकल नेता येत नाही.
- जंगलपट्ट्यात एकट्याने जाऊ नका. कानात इअरफोन नकोत.
- सकाळी निघताना गावात विचारा: 'भाऊ, या रस्त्यानं जाऊ का?' पुढे काही हालचाल असेल तर गावाला आधी कळतं. त्यांनी नको म्हटलं तर त्या वाटेने जायचं नाही, नकाशा काहीही म्हणो.
- तलावात पोहायला उतरू नका. तळाशी गाळ असतो, कमळाच्या आणि पाणवनस्पतींच्या देठांत पाय अडकतात.

सारस: या तलावांचा सगळ्यात उंच रहिवासी

सारस हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातला सगळ्यात उंच. माणसाएवढी उंची, करडं अंग, लाल डोकं-मान. बहुधा जोडीने दिसतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोड्या संख्येने भंडारा-चंद्रपुरात उरला आहे. पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्येही आहे. नदी ही आपल्यासाठी राज्याची हद्द, त्याच्यासाठी नाही.

तो पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत किंवा उथळ पाणथळीत घरटं करतो. म्हणजे त्याची पिल्लं शेतकऱ्याच्या शेतात वाढतात. शेतकऱ्याने घरटं राखलं तरच पिल्लू जगतं. विजेच्या तारांचा धक्का, शेतातली कीटकनाशकं आणि आटत चाललेल्या पाणथळी हे त्याच्यापुढचे मोठे धोके. प्रकरण इतकं गंभीर झालं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली.

सारस दिसला तर रस्त्यावरूनच पाहा. फोटोसाठी बांधीत उतरू नका. घरट्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

मग तलावांचं बिनसलं काय?

सफरीत दोन प्रकारचे तलाव दिसतील. एकात कमळं, पाणवनस्पती, जाळी टाकणारे ढिवर आणि पाणपक्षी. दुसऱ्यात गढूळ, उथळ पाणी आणि काठाने जांभळट-गुलाबी फुलांची दाट झुडपं. ही फुलं फोटोत छान दिसतात, पण ती बेशरमाची आहेत. ही बाहेरून आलेली वनस्पती आहे. गुरं ती खात नाहीत आणि ती काठ बळकावून बसते.

तलाव सरकारजमा झाले आणि रोजच्या देखभालीची साखळी तुटली. पाळीवर उंदराने बीळ केलं किंवा सांडवा फुटला, तर ते लगेच बुजवणारं कोणी राहिलं नाही. कागद जायचा, मंजुरी यायची, तोवर पावसाळा उलटायचा. गाळ साचत गेला, पाणी मावेना. काठावर अतिक्रमणं झाली. मासेमारीसाठी बाहेरच्या, झपाट्याने वाढणाऱ्या माशांची बीजं सोडली गेली आणि स्थानिक मासे कमी झाले. पाणवनस्पती गेल्या, मग त्यांच्यावर जगणारे पक्षीही गेले.

यावर काम झालेलं नाही असं नाही. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर, ढिवर समाजातले अभ्यासू कार्यकर्ते पतिराम तुमसरे आणि मासेमारांच्या सहकारी संस्था यांनी तलाव पुन्हा जिवंत करण्याची पद्धत बसवली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची. उघड्या पडलेल्या काठाची नांगरणी करायची. पाऊस पडला की स्थानिक पाणवनस्पती लावायच्या आणि स्थानिक माशांना वाढू द्यायचं. यात ढिवर महिलांचा मोठा सहभाग राहिला. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालायला लागते, हे ज्ञान पुस्तकात नव्हतं. ते रोज पाण्यात उतरणाऱ्यांकडे होतं.

नुसता जेसीबी लावून गाळ काढला की तलाव सुधारला, असं समजण्यातली चूक इथे कळते. सरसकट खोदलेल्या तलावात पाणी जास्त मावतं. पण उथळ काठ गेला की वनस्पती, मासे आणि पक्ष्यांची जागाही जाते.

सायकलवरून जाणाऱ्याने काय करावं?

तुम्ही चार दिवसांसाठी पाहुणे आहात, तलाव दुरुस्त करायला गेलेले नाहीत. पण काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. मुक्काम आणि जेवण गावातच करा. मासळी ढिवरांकडून घ्या. पाळीवर गाडीसारखी सायकल दामटू नका, पावसाने ओली असेल तर मुळीच नाही. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चाक नेऊ नका. आणलेलं प्लास्टिक परत न्या. कोणाचाही फोटो काढण्याआधी विचारा.

आणि परतल्यावर पोस्ट टाकाल तेव्हा तलावाचं नाव लिहा. नुसतं 'हिडन लेक' असं लिहू नका. तो लपलेला नाही. त्याला नाव आहे, तो कोणीतरी बांधलाय आणि या आश्विनातही त्याच्या पाण्यावर कोणाचं तरी धान भरणार आहे. गावात विचारलंत तर त्याचं नाव लहान पोरही सांगेल. तो कोणी बांधला, हे विचारायला मात्र म्हाताऱ्या माणसांजवळ थोडा वेळ बसावं लागेल. सायकलवर आला असाल, तर तेवढा वेळ तुमच्याकडे असतोच.